या जेवायला

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, मी काही कोणाच्या गळी उतरवायला बसलेली नाही. ज्या मुलीच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मावसबहीण. तिने मला सगळं सांगितलं तेव्हा मधेच उठून दोनदा बेसिनपाशी जाऊन आली.

आणखी एक सांगते. यात रात्र नाही. अमावस्या नाही. पांढरी साडी, पैंजण, लांबवर रडणारं कुत्रं... यातलं काही नाही.

हे झालं भर दुपारी. ट्यूबलाइटच्या उजेडात. मुलींच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये.

जेवता जेवता वाचत असाल तर आधी जेवून घ्या.

माझी ही बहीण लहानपणापासून लाजाळू. बेल वाजली की आतल्या खोलीत पळणार. दुकानात साधं पेन मागायचं तरी मला पुढे ढकलणार. अशी मुलगी परगावी विद्यापीठात शिकायला जाते म्हणाली, तेव्हा घरात सगळे हसले. तिचे बाबा तर म्हणाले, "ही? महिनाभरात सामान घेऊन दारात उभी राहील बघा. हिच्या तोंडातून तिकीट मागायला तरी शब्द फुटेल का?"

ती नेहमीसारखी गप्प बसली. पण मनात तिने पक्कं ठरवलं होतं. काहीही झालं तरी परत यायचं नाही. एकदा परत आलं की आपल्याला पुन्हा कोणी कुठे पाठवणार नाही, हे तिला बरोबर कळत होतं.

पहिल्याच आठवड्यात ती चुकून भलत्याच वर्गात जाऊन बसली. तास सुरू झाल्यावर लक्षात आलं. पण सगळ्यांसमोर उठून जायची लाज वाटली, म्हणून पूर्ण तास खडकांचे प्रकार उतरवून घेतले. ही इतिहास शिकायला गेलेली!

खोलीत तिच्यासोबत एक मुलगी होती. तिचा आवाज असा की खालच्या मजल्यावरच्या मुलींना घड्याळ लावावं लागत नसे. सगळ्या तिला भोंगा म्हणत. भोंग्याने आमच्या बहिणीला दोन दिवस पाहिलं आणि तिचं नाव ठेवून टाकलं... म्यूट.

आता आम्ही घरचेसुद्धा तिला म्यूटच म्हणतो.

तर या म्यूटच्या तोंडून एक वाक्य मात्र न अडखळता निघायचं. माझ्या मावशीने, म्हणजे तिच्या आईने, ते तिला घोटून घोटून शिकवलेलं. आपण जेवत असताना कोणी जवळ आलं की म्हणायचं, "या जेवायला." समोरचं माणूस म्हणतं, "होऊ द्या, होऊ द्या." झालं. संपलं. आपण बोलावलं, त्यांनी नको म्हटलं, दोघांचंही बरं. खरंच जेवायला बसणारं माणूस मी तरी आजवर पाहिलेलं नाही.

मेसमध्ये पहिल्या दिवशी भोंगा ट्रे घेऊन शेजारून गेली आणि म्यूट ताटाकडे बघत म्हणाली, "या जेवायला."

"अगं, मग आम्ही काय इथे कपडे धुवायला आलोय?" भोंगा ओरडली.

अख्खं टेबल हसलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. भोंग्याच्या तर मुळीच नव्हतं. पण म्यूटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून ती सगळ्यांची जेवणं उरकल्यावर मेसमध्ये जायला लागली.

त्या वेळी मेस रिकामी असायची. मेसच्या काकू टेबलं पुसत असायच्या. त्या फडक्याचा कुबट वास, खरकट्याच्या बादलीवर घोंगावणाऱ्या माश्या, पायाखाली चिकट फरशी. म्यूट खांबामागच्या टेबलावर, भिंतीकडे तोंड करून बसायची. तिथे कोणी येत नसे. ती खूश होती.

महिना झाला. बाबांचं भाकीत खोटं ठरलं. आईचा रोज फोन यायचा, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." आणि तेव्हा ते खरं होतं.

मग तो दिवस आला.

भात, डाळ आणि बटाट्याची भाजी होती. म्यूटने पहिला घास घेतला. मागून कोणीतरी चालत येत होतं. चपलांचा आवाज नव्हता. ओल्या फरशीवर अनवाणी पाय पडावेत तसा...

चप्.

चप्.

पावलं तिच्या खुर्चीपाशी येऊन थांबली.

तिने मान वर केली नाही. अनोळखी माणसाकडे ती बघतच नाही, बघूच शकत नाही. सवयीने ताटाकडे बघतच म्हणाली,

"या जेवायला."

आणि थांबली. आता "होऊ द्या" येईल, मग पुढचा घास घेऊ.

आलं नाही.

समोरची खुर्ची... सरकली.

कोणीतरी बसलं. म्यूटचे कान तापले. आता काय बोलायचं? नाव विचारायचं का? ती मान खाली घालून भात कालवत राहिली. आणि समोरून आवाज सुरू झाला.

मच... मच... मच.

तोंड उघडं ठेवून चावल्याचा आवाज. ओला. सावकाश. मधेच जीभ टाळ्याला चिकटून सुटल्याचा आवाज. आणि वास यायला लागला, दोन दिवस झाकण लावून ठेवलेल्या दुधाच्या भांड्यासारखा. म्यूटला वाटलं, काय घाणेरडी मुलगी आहे! पण म्हणणार कोण? तिने अर्ध्या जेवणातच ट्रे उचलला आणि तेव्हा कुठे तिची नजर समोर गेली.

खुर्ची ओढलेली होती.

तिच्यावर... कोणी नव्हतं.

टेबलावर भाताचा एक गोळा पडला होता. चावून चावून राखाडी झालेला. त्यातून लाळेची एक तार टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती. ती अजून तुटलेली नव्हती.

तेवढ्यात काकू फडकं घेऊन आल्या. त्यांनी गोळा पाहिला, मग हिच्याकडे पाहिलं.

"शी! थुंकायचं असेल तर बेसिन आहे ना तिथे! ही काय रीत झाली?"

"मी नाही" एवढंच म्हणायचं होतं. तिच्याने म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने जागा बदलली. दाराजवळचं टेबल घेतलं. तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं ठरवूनच बसली. बसल्यावर लक्षात आलं...

समोरची खुर्ची आधीच ओढलेली होती.

तिने स्वतःची समजूत काढली. कोणीतरी जेवून गेलं असेल. भात घेतला, डाळ घातली, घास तोंडात टाकला आणि चावायला गेली.

चावायला काही नव्हतंच.

घास आधीच चावलेला होता.

कोमट. बुळबुळीत. कोणाच्या तरी तोंडात बराच वेळ घोळून आलेला. तिच्या जिभेला तो तसाच लागला. उष्टा. आपल्याला सवय असते हो, बहिणीचा आइस्क्रीमचा चमचा, मैत्रिणीचा पेला, चालतं. पण हे कोणाचं? ती तोंडावर हात धरून बेसिनकडे धावली. काकू मागून काहीतरी बडबडल्या. सगळं थुंकून, तीनतीनदा चूळ भरून ती वर खोलीत गेली आणि टूथपेस्ट बोटाने जिभेवर चोळत बसली.

त्यानंतर हे रोजचंच झालं.

भात घेतला तर तसाच. ब्रेड घेतला तर त्याची कड ओली, त्यावर चावल्याच्या खुणा. दातांच्या नाहीत... नुसत्या हिरड्यांच्या. पाण्याचा पेला तोंडाला लावला तर काठावर तेलकट ओठांचा ठसा, आणि पाण्यात तरंगणारे बारीक कण. समोर बसलेल्याचा आवाज कधी यायचा, कधी नाही. वास मात्र कायम असायचा.

एकदा तिने धीर करून समोरच्या खुर्चीला विनंती केली. आमची म्यूट ती! जे दिसत नाही त्यालाही अहो-जाहो.

"झालं असेल तर... उठता का प्लीज?"

चावण्याचा आवाज थांबला. तिला वाटलं, ऐकलं वाटतं.

मग आवाज पुन्हा सुरू झाला. आता तो समोरून येत नव्हता... अगदी तिच्या कानापाशी येत होता.

तिने मेस सोडली. खोलीत बिस्किटं आणून ठेवली. सीलबंद पुडा स्वतःच्या हाताने फाडला. आत सगळी बिस्किटं भिजून एकमेकांना चिकटलेली. सफरचंद आणलं, बाहेरून चकचकीत. कापलं, तर आतला गर खरवडून खाल्लेला आणि जागोजागी ओलसर चोखल्याच्या खुणा. ती पलंगापाशी जमिनीवर बसून रडली. दोन दिवस नुसत्या पाण्यावर काढले, आणि तेही डोळे मिटून, नळाला थेट तोंड लावून.

मग तिला उकडलेल्या अंड्याची युक्ती सुचली. कवचाच्या आत कोण जाणार?

मेसमधून अंडं उचललं. ऊन होतं. कुठे तडा नव्हता, चारही बाजूंनी फिरवून बघितलं. टेबलावर हलकेच आपटलं, कवच सोललं...

आत पांढरा भाग होता, पण चघळून सुरकुतलेला. पिवळा बलक नव्हताच. त्याच्या जागी फेस होता. थुंकीचा. बुडबुड्यांचा. त्यातला एक बुडबुडा तिच्यासमोर फुटला.

हे मला सांगताना ती पहिल्यांदा उठून गेली. मी आजही अंडं सोलताना दुसरीकडे बघते.

इकडे भोंग्याला खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात काय काय सापडायला लागलं होतं. चघळलेले गोळे, ओला ब्रेड, माश्या. एके दिवशी तिने डबा म्यूटसमोर आणून आपटला.

"हे काय आहे? चावून थुंकतेस? बारीक व्हायला करतेस का हे? अगं, किळस येते मला! मी झोपते इथे!"

म्यूटने तोंड उघडलं. काय सांगणार होती ती? मी जेवायला बोलावलं आणि कोणीतरी आलं, असं?

"सॉरी," ती म्हणाली.

ते सॉरी म्हणजे कबुलीच झाली. बातमी हॉस्टेलभर पसरली. ती कॉरिडॉरमधून निघाली की मुली बाजूला सरकायच्या. वर्गात तिच्या बाकावर कोणी बसेना. मुळात कोणी ओळखत नव्हतं, तेव्हा बरं होतं. आता सगळ्या ओळखायला लागल्या, त्या अशा. गाल आत गेले, मनगटं काडीसारखी झाली, जिन्याने वर जाताना कठड्याला धरून थांबावं लागायचं. फोनवर आई विचारायची, "जेवलीस का?" ती म्हणायची, "हो." आता ते साफ खोटं होतं.

शेवटी रेक्टर बाईंनी तिला ऑफिसात बोलावलं.

"हे बघ बाळा, तू आजारी आहेस. थोडे दिवस घरी जा. मी तुझ्या आईला फोन केलाय, उद्या दुपारी येतायत."

"नको... घरी नको," म्यूट म्हणाली. रेक्टर बाई बघतच राहिल्या. त्यांनी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला होता.

"ठीक आहे. मग उद्या आईसमोर मेसमध्ये बसायचं आणि पोटभर जेवून दाखवायचं. जेवलीस तर राहा. नाहीतर त्यांच्याबरोबर जायचं. चालेल?"

तिने मान हलवली. दुसरं काय करणार?

दुसऱ्या दिवशी ती वेळेच्या आधीच मेसमध्ये जाऊन बसली. रेक्टर बाईंनी बजावलं होतं, "ताट वाढून घे आणि बसून राहा, आई आल्या की आत पाठवते." काकूंनी नाक मुरडत ताट वाढलं. भात, डाळ, भाजी, दही. म्यूट ताटाकडे बघत बसली. एक घास घ्यायची हिंमत होईना. आता आई येईल, आपल्याला ओकारी येईल, आई आपल्याला घेऊन जाईल, बाबा दारात उभे असतील. तिला रडू फुटलं. मान खाली, केस तोंडावर, नाकातून पाणी गळतंय.

तेवढ्यात खुर्ची सरकली.

आणि डोक्यावर एक हात आला.

गार, ओला हात. आत्ताच धुवून आलेला असावा तसा. आईचे हात असेच तर असतात, सारखे पाण्यात. तो केसांवरून सावकाश फिरला. म्यूटला वर बघवेना. आईला हा असला चेहरा कसा दाखवायचा?

"आ कर."

आवाज जड होता. आईही रडतेय, तिला वाटलं. तिने डोळे घट्ट मिटले आणि तोंड उघडलं.

घास आत आला.

मऊ. कोमट. किंचित गोड.

तिने तो गिळला. ओकारी आली नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी पोटात गेलं आणि पोटाने ते ठेवून घेतलं. ती हुंदके देत आणखी मोठं तोंड उघडत गेली. दुसरा घास, तिसरा, चौथा. चावावंही लागत नव्हतं. नुसतं गिळायचं.

"आई, मी जेवतेय ना?" ती मधेच म्हणाली. "बाईंना सांग हं, मी जेवले म्हणून."

"आ कर."

पोट तडस लागेपर्यंत भरलं. तिला इतकं शांत वाटत होतं की तिथेच टेबलावर डोकं ठेवून झोपावंसं वाटलं.

"बास आई. पोट भरलं."

"अजून... एक."

आणि दारातून भोंग्याची हाळी आली.

"म्यूट! अगं, तुझा फोन कुठेय? तुझ्या आईने शेवटी ऑफिसात फोन केला. त्यांची गाडी वाटेत बंद पडलीय. यायला संध्याकाळ होईल म्हणाल्या!"

म्यूटने डोळे उघडले.

समोरची खुर्ची ओढलेली होती. रिकामी. बसायची जागा ओली, आणि त्या ओलीवरून थेंब खाली फरशीवर पडत होते.

तिचं ताट समोर होतं. भाताचा डोंगर जसाच्या तसा. डाळीवर साय धरलेली. दह्यात चमचाही बुडलेला नव्हता.

त्यातलं एक शीतही हललेलं नव्हतं.

मग ती खात काय होती?

तिने घशात बोटं घातली. पार कोपरापर्यंत लाळ ओघळली, डोळ्यांतून पाणी आलं, पण बाहेर काही पडलं नाही. जे गेलं होतं ते आत बसलं होतं. भात खूप वेळ चावला की गोड लागतो, हे तिला शाळेत शिकवलं होतं. तिला ते त्या क्षणी आठवलं. मला सांगताना इथे ती दुसऱ्यांदा उठली.

भोंगा दारातच थिजून उभी होती. हाळी देता देता तिने काय पाहिलं ते मी तिलाच विचारलंय. ती म्हणाली, "ती एकटीच होती, ताई. डोळे मिटून, आ करून बसली होती. तिच्या तोंडात काहीच जात नव्हतं. पण गाल फुगत होते... आणि गिळताना गळा हलत होता." भोंगा हे अगदी हळू आवाजात म्हणाली. ही मुलगी हळू बोलू शकते हे मला तेव्हा कळलं.

मेसमध्ये पूर्वी कोणी मुलगी मेली होती का, कोणी उपाशी राहिली होती का, सगळं विचारून झालं. तसं काहीही नाही. इमारत नवी आहे. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे सगळं स्वच्छ असतं." बस.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे, त्या दुपारनंतर ते थांबलं.

संध्याकाळी मावशी पोहोचली. घामाघूम, हातात पिशव्या. रेक्टर बाई, मावशी आणि म्यूट, तिघी मेसमध्ये बसल्या. शेजारच्या टेबलावर भोंगा, लक्ष सगळं इकडे. म्यूटने स्वतःच्या हाताने पहिला घास घेतला.

भात भातासारखा लागला. दाणा दाण्यासारखा.

ती जेवली. सगळ्यांसमोर ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं. रेक्टर बाई म्हणाल्या, "शहाणी गं माझी ती! राहा." म्हणजे ती जिंकली होती. ज्यासाठी एवढं सोसलं ते तिला मिळालं होतं.

मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. लेक अशी वाळलेली, पण जेवली. तिने आपल्या ताटातला एक घास केला, माया ऊतू चाललेली, आणि हात पुढे केला.

"आ कर."

म्यूट किंचाळली. तिने तो हात फटकारला. घास फरशीवर पडला, डाळ मावशीच्या साडीवर उडाली. अख्खी मेस बघत राहिली.

मावशी हसली. "मोठी झाली हो आता," असं रेक्टर बाईंना म्हणाली आणि खाली वाकून भात गोळा करायला लागली.

म्यूट आता शेवटच्या वर्षाला आहे. बोलायला लागली आहे, वर्गात हात वर करून प्रश्न विचारते, भोंग्याशी कडकडून भांडतेसुद्धा. बाबा चारचौघांत तिचं कौतुक करतात. जेवतेही सगळं, पण कोणी जवळ आलं की मान वर करून आधी चेहरा बघते, नीट, बराच वेळ. आणि आईच्या हातचा घास ती घेत नाही. ताट वाढलं तरी स्वतः उठून दुसरं वाढून घेते.

मावशीला यातलं काही माहीत नाही. म्यूटने मला शपथ घातली आहे.

मागच्या महिन्यात मावशी आमच्याकडे आली होती. भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "तुला सगळं सांगते ना ती? मग एवढंच विचार तिला. माझ्या हाताला काय झालंय गं?"

मी तिच्या हातांकडे बघितलं. पाण्याने गार पडलेले, ओले. काही बोलायच्या आधी मला मान वर करून तिचा चेहरा बघावा लागला.